आंबट पाणी

५ फेब्रुवारी

कारखान्याच्या वहीत आज लिहिलं : "पंखा क्र. ३. थरथर जास्त. बंद करून तपासला. दोन पाती झिजलेली." साहेबांना एवढंच हवं असतं. ती पाती बघून मला काय वाटलं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? म्हणून ही दुसरी वही. घरातली.

सकाळी पंख्यांच्या खोलीत पाय ठेवला तेव्हाच बुटातून थरथर गुडघ्यापर्यंत आली. पंखा बंद करायला लावला, झाकण काढून आत टॉर्च मारली. पातं सहा मिलिमीटर जाड असतं. त्याची कड मी नुसती चिमटीत धरली, तर बिस्किटासारखी मोडली. हा पंखा मी स्वतः बसवला आहे. अकरा वर्षं त्याने कधी नाव ठेवू दिलं नाही, आणि आता पाच महिन्यांत खलास.

पाच महिन्यांपूर्वी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवा गोंद आला.

आमच्याकडे काच वितळवून तिचे केसाहून बारीक धागे काढतात, त्यांच्यावर गोंद फवारतात, आणि तो काचेचा कापूस फिरत्या जाळीच्या पट्ट्यावर पडतो. पट्ट्याखालून माझे चार पंखे हवा ओढतात. सगळं चिकटून बसू नये म्हणून पट्टा, नळ, पंखे सतत पाण्याने धुतले जातात. ते पाणी खड्ड्यात जमतं, गाळून परत फिरतं. जुना गोंद उग्र वासाचा होता, पण लोखंडाशी सरळ वागायचा. नवा आंबट आहे. त्यामुळे पाणी आंबट, आणि ते पाणी चोवीस तास माझं लोखंड खातंय.

हा गोंद आणला कुणी? आमच्या साडूंनी! हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. प्रयोगशाळेत असतात, पांढरा कोट घालतात. बढतीवर डोळा, दुसरं काय.

८ फेब्रुवारी

हवेच्या नळाला ठिगळ मारलं. ठिगळ मारायलाही आधी पत्रा शिल्लक लागतो. एक भोक बुजवेपर्यंत शेजारी दुसरं पडलं.

घरी आलो तर ही खिडकीशी बसून माझ्या शर्टाचं बटण लावत होती. सुई तिची तिनेच ओवली होती. कितीतरी वर्षं ते माझं काम. ती हाक मारायची, मी जायचो, दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं करायचो आणि ती म्हणायची, "शी! उष्टा दोरा." आज हाक नाही. आठवून पाहिलं तर बऱ्याच दिवसांत नाही. मी घरी असून नसल्यासारखा, म्हणून रागावली असेल. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग ऐकावं लागलं असतं. डोक्यात पंखे होते.

११ फेब्रुवारी

साडू आणि मेहुणी जेवायला आले होते. मी म्हणालो, "तुमच्या गोंदाला काय आवडतं ते कळलं बरं का. सहा मिलिमीटरची पाती. चावून खातो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "दादा, मला एकदा आत नेऊन दाखवाल?"

"कोट खराब होईल तुमचा."

हिने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. ते गेल्यावर म्हणाली, "माणूस मदत मागतोय, आणि तुम्ही त्याचा कोट काढताय?" बरंच बोलली. आणि साऱ्या जेवणात एकदाही उठून आत गेली नाही, खोकली नाही. मागच्या खेपेला मेहुणीने मधाची बाटली दिली होती, त्याचा गुण असावा. आणखी एक मागवायला हवी.

१५ फेब्रुवारी

दोन नंबरच्या पंख्याचं पातं तुटलं. बंदूक झाडल्यासारखा आवाज. बाहेरचं कवच फुटलं नाही म्हणून वाचलो. खोलीत मी एकटाच होतो. घरी सांगितलेलं नाही. अक्षर नेहमीचं नाही, ते मलाही दिसतंय.

१६ फेब्रुवारी

ही आज भांडी विसळताना गाणं म्हणत होती. लग्न झालं तेव्हा म्हणायची. पुढे केव्हातरी बंद पडलं. वय झालं की बंद पडतंच, असं मी धरून चाललो होतो. आता वय उलटं फिरलं की काय! दारात उभा राहून ऐकलं. मी दिसताच थांबली आणि म्हणाली, "काय बघताय? टॉवेल घ्या, पुसा."

भांडी पुसली. दोन पंखे बंद असताना माणसाला एवढं बरं वाटू नये.

१९ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी बोलावलं. "तुम्ही लोखंडातले माणूस. मला आडपडदा न ठेवता सांगा, काय करू?"

मी म्हणालो, "जुना गोंद परत आणा."

"लिहून द्याल?"

"देतो की."

दुपारी बसून दोन पानी अहवाल लिहिला. कुठला पत्रा किती झिजला, कुठलं पातं कधी तुटलं. शेवटी : "माझ्या मते जुना गोंद पुन्हा सुरू करावा." खाली सही. एक अक्षर खोटं नाही. सही करताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. साहेबांनी तिथेच ठरवलं : मार्चअखेरपर्यंत दुसरा उपाय निघाला तर ठीक, नाहीतर एक एप्रिलपासून जुना गोंद.

साडू जिन्यात भेटले. त्यांना कळलं होतं. मान हलवून बाजूने वर गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

पॅकिंगमध्ये बातमी पोचली. ही तिथेच असते. भट्टीतून भाजून निघालेला कापूस गुंडाळायचा, पिशवीत दाबून भरायचा. सात जणी आहेत. हिला नऊ वर्षं झाली.

चहा पिताना म्हणाली, "जुना गोंद परत येतोय म्हणे."

"ऐकलं मीही."

"कुणी सांगितलं परत आणायला?"

मी चष्मा काढून पुसला. म्हणालो, "वरून ठरलं असेल."

"हं," म्हणाली. कप उचलून आत गेली. का लपवलं मी? चोरी थोडीच केली आहे?

२६ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

सकाळी नळाचा फाटका पत्रा काढताना मनगटाला लागलं. फार नाही, पण रक्त थांबेना, म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "तुमच्या घरून हल्ली कुणी येत नाही हो."

"घरून कोण येतं?"

"अहो, तुमच्या मिसेस. दर गुरुवारी यायच्या की. डोळ्यांत थेंब घालून घ्यायला, घशाला औषध लावायला. पॅकिंगच्या सगळ्याच यायच्या, पण ह्यांचा त्रास जास्त. नवा गोंद आल्यापासून एकजणही फिरकलेली नाही. थेंबांच्या बाटल्या तशाच पडून आहेत." मग गाठ मारत म्हणाल्या, "आता परत लागतील म्हणा."

मी विचारलं, "किती वर्षं येत होती?"

"मला इथे सात वर्षं झाली. त्याच्या आधीपासून येत असणार."

दर गुरुवारी. मी तीनशे पावलांवर पंख्यांना ग्रीस लावत होतो.

बाहेर बाकावर बसून राहिलो. सुई, गाणं, जेवताना न उठणं. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात आहे. आणि मी काय लिहिलंय? मध! लोखंड किती झिजलं ते मी दशांश मिलिमीटरमध्ये सांगतो. घरातलं माणूस झिजत होतं त्याचं मला माप नाही.

आणि ती दोन पानं. खाली माझी सही.

२७ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. साडू काचेच्या भांड्यावर वाकले होते. मी म्हणालो, "चला, पंख्यात नेतो तुम्हाला. कोट काढा."

कोट तिथेच खुर्चीवर टाकून आले. पंख्याच्या पोटात दोघं ओणवे बसलो. त्यांनी तुटक्या पात्यावरून बोट फिरवलं. "दादा, हे एवढं झालंय हे मला खरंच माहीत नव्हतं. कागदावर आकडे येत होते."

"मलाही पलीकडचं माहीत नव्हतं," मी म्हणालो. "हे नव्या गोंदाचं तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

"तुमच्याकडे जेवताना. तीन वर्षं झाली. त्या दिवशी ताई चारदा उठून आत गेल्या. नळ सोडून खोकत होत्या, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्ही मला पंख्याचं बेअरिंग कसं बदलतात ते सांगत होतात."

मला ते बेअरिंग आठवतं. तिचं त्या दिवशीचं उठणं आठवत नाही.

मग कामाचं बोललो. मी म्हणालो, "पाण्यात कॉस्टिक सोडा घाला. आंबटपणा मरेल, लोखंड वाचेल. एवढी साधी गोष्ट." ते म्हणाले, लोखंड वाचतं, पण खड्ड्यातलं तेच पाणी फिरून गोंद कालवायला जातं. आणि गोंद आंबट असला तरच भट्टीत घट्ट बसतो. म्हणजे लोखंड वाचवावं तर गोंद बिघडतो. तरी थोडं थोडं कॉस्टिक घालून कुठे मध्य साधतोय का ते बघायचं ठरलं.

नळात चार लोखंडी पट्ट्या टांगून आलो. प्रत्येकी शंभर ग्रॅम. आठ दिवसांनी काढून वजन करायचं. निदान शत्रू किती खातो ते तरी कळेल.

६ मार्च

पट्ट्या काढल्या. प्रत्येकीतून चार ग्रॅम गेलेत. आठ दिवसांत! साडूंनी काटा दोनदा तपासला.

दुपारी पाण्यात थोडं कॉस्टिक सोडून पाहिलं. लोखंडाला जेमतेम फरक, आणि कापूस भट्टीतून निघाला तो ओल्या उशीसारखा. दाबला तर दबूनच राहिला. दोन तासांचा माल फेकावा लागला. मोठे साहेब आले, बघितलं, घड्याळ बघितलं, गेले. मध्यबिध्य काही नाही.

हिचं गाणं बंद आहे. घसा बरा आहे अजून. तरी बंद आहे.

९ मार्च

आज सुचलं. अंघोळ करताना. बादलीत गरम आणि गार पाणी मिसळत होतो, आणि मनात आलं, मिसळायचं कशाला?

पाणी एकच का असावं? गोंद कालवायचं वेगळं, धुण्याचं वेगळं. बॉयलरमागे एक जुनी टाकी आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिच्यात उतरून गाळ काढला होता, पुढे ती कुणी वापरलीच नाही. धुण्याचं पाणी तिथे फिरवायचं, त्यात हवं तेवढं कॉस्टिक घालायचं, जास्तीचं सांडपाण्याच्या टाकीत सोडायचं. गोंदाला ताजं पाणी द्यायचं. आणि पंख्यांच्या तोंडाशी फवारे बसवायचे, पण पट्ट्याच्या खालून, म्हणजे कापसावर थेंब उडायला नको.

अर्ध्या ओल्या केसांनी साडूंच्या घरी गेलो. मेहुणीने दार उघडलं आणि घाबरली, "काय झालं भावजी? ताई बरी आहे ना?"

"बरी राहायला हवी," मी म्हणालो. "म्हणून तर आलोय."

साडूने कागद ओढला, मी बोलत गेलो, तो काढत गेला. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, "दादा, हे मला का सुचलं नाही?"

"तू कधी टाकीत उतरला नाहीस."

१३ मार्च

साहेबांनी होकार दिला. तारीख मात्र तीच.

साडू रोज आपलं काम संपलं की पाइप टाकायला येतो. त्याला पाना धरता येत नाही. चमचा धरल्यासारखा धरतो. आज उलटीकडे फिरवून एक नट असा आवळला की काढायला मला अर्धा तास लागला. म्हणालो, "अरे, तू शिकलास कुठे?" तर म्हणतो, "एका माणसाने मला सबंध जेवणभर बेअरिंग शिकवलं होतं, नट राहून गेला." हसता हसता मला पाइपवर बसावं लागलं.

त्याच्या हातांना फोड आलेत. उद्या माझे जाड हातमोजे त्याला द्यायचे.

१४ मार्च

ही म्हणाली, "हल्ली रोज उशीर. तुम्हा दोघांचं चाललंय तरी काय?"

"पाइप टाकतोय."

"कशासाठी?"

"पंख्यांसाठी."

खरं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण जमलं नाही तर? तिला आशा लावायची आणि एक एप्रिलला तोच वास परत यायचा. नकोच. माझ्याकडे बघत राहिली, मग ताट वाढलं. उद्याच्या डब्याची तयारी करताना आपणहून साडूसाठीही डबा काढून ठेवला.

१७ मार्च

दुपारी नवं पाणी सुरू केलं. पाइपांच्या जोडावरची एक फ्लँज गळली, ती आवळली. साडू दर पंधरा मिनिटांनी रंग बदलणारा कागद पाण्यात बुडवून बघत होता. आंबट, आंबट, मग मधलं, मग निळसर. निळा कागद त्याने मला दाखवला आणि मग खिशात जपून ठेवला.

आता मुख्य प्रश्न कापूस. दोघं भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. पहिली लांबी आली. मी मूठ दाबली, सोडली. फुगून परत वर आला. पुन्हा दाबली. पुन्हा आला.

चार नव्या पट्ट्या टांगल्या आहेत. आठ दिवस.

२० मार्च

काही विशेष नाही. पट्ट्यांकडे बघायला तीनदा गेलो. त्या कुठे पळून जाणार होत्या?

२४ मार्च

शंभर ग्रॅममधला एक दशांश ग्रॅम गेला. चारी पट्ट्यांत तेवढाच. एकीवर तर माझ्या पेन्सिलीचा आकडा अजून वाचता येत होता.

साडू काट्याशी खुर्चीवर बसला आणि त्याने चेहरा हातांत घेतला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणालो, "चल, बायका वाट बघतायत."

२६ मार्च

बैठक. साडूने आकडे मांडले. साहेबांनी माझे जुने दोन कागद काढले. "आणि हे? इथे तुम्ही म्हणताय जुना गोंद आणा."

उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, पंख्यांबद्दल त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण मी भट्टीच्या अलीकडचंच बघून लिहिलं. पलीकडे सात बायका काम करतात. जुन्या गोंदाने त्यांच्या डोळ्यांचं, घशाचं काय होत होतं ते दवाखान्याच्या नोंदीत आहे. मी विचारायलाही गेलो नव्हतो. तो अर्ध्या कारखान्याचा अहवाल होता."

साहेब थोडा वेळ कागद उलटत बसले. मग म्हणाले, "मग पुरा लिहून द्या." आणि साडूकडे वळून, "नवा गोंद राहील."

२७ मार्च

आज चहाच्या सुट्टीत पॅकिंगमध्ये गेलो. या नऊ वर्षांत पहिल्यांदा. उंच खोली, एका बाजूने खिडक्या, उन्हात कापसाचे कण तरंगणारे. सगळ्या जणी एका ओळीत बसून चहा पीत होत्या. एकीने मला बघून आवाज दिला, "अगं, तुझे पंखेवाले आले! काही बिघडलंय का आमच्याकडे?" सगळ्या हसल्या. ही लाजली. या वयात! मग त्यांनीच एकेक करून उठून आम्हाला कोपरा मोकळा करून दिला.

मी म्हणालो, "जुना गोंद परत आणा, असं मीच लिहून दिलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही चष्मा पुसलात तेव्हापासून. स्वच्छच होता तो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कप बाजूला ठेवला. "पहिल्या वर्षी सांगितलं होतं, डोळे फार चुरचुरतात म्हणून. तुम्ही म्हणालात, होईल सवय. मग मी करून घेतली सवय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी तिथे पिशव्यांच्या ढिगाला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "आता सांग. काय काय होत होतं?"

"आता कशाला? संपलं ना ते."

"मला ऐकायचंय."

तिने माझ्याकडे बघितलं. खरंच विचारतोय की नाही ते बघत असावी. मग सरकून बसली, शेजारी जागा केली, आणि सांगायला लागली. मी मध्ये बोललो नाही. चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची असते. घंटा झाली तेव्हा ती दुसऱ्या वर्षापर्यंत आली होती.

उरलेलं संध्याकाळी सांगितलं. आम्ही बस सोडून दिली आणि घरापर्यंत चालत आलो.